तीर काढणारी

सतरा जानेवारीला, दिवेलागणीच्या सुमारास,
उथळसरच्या आमच्या आळीतला सेबस्त्याव
टॉवेलात गुंडाळून माझ्या घरी आणतात.
डोकं आधी, मी दरवर्षी ओरडते,
पाय आधी मढं नेतात.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर.
अंगात सात तीर. सहा सागाचे,
सातवी विणायची सुई,
ब्याऐंशीच्या मिरवणुकीत एक हरवला तेव्हापासून.
मी एकेक काढते, सरळ, किंचित फिरवत.
लाकडाला दुखत नाही हे मला कळतं.
एकतीस वर्षं सिव्हिलला ड्रेसिंग केलेल्या
हातांना कळत नाही.

गाठीच्या तापाच्या साली
आळीने कोपऱ्यावर क्रूस उभारला आणि हा आणला.
पणजी सांगायची, वसईहून, होडीतून,
भाताच्या तुसात पुरून.
पास्कू म्हणतो, कुठली वसई,
इथल्याच सुताराचं काम.
नाक बघ, अगदी आपल्या इंत्रूचं.

राजाच्या पहाऱ्यावरचा शिपाई होता तो.
दिवसा भाला धरायचा, रात्री कोठडीत जाऊन
बांधलेल्यांना धीर द्यायचा.
कळलं, तेव्हा झाडाला बांधून
तिरंदाजांच्या हवाली केला.
चित्रात एवढंच असतं.
पण तिरांनी तो मेला नाही.
प्रवचनात फादर हे घाईघाईने सांगून पुढे जातात.
मला तिथेच थांबायचं असतं.

इरीन नावाची विधवा
रात्री प्रेत न्यायला आली, पुरण्यासाठी,
आणि हाताला तो कोमट लागला.

कोमट!
कंदील कुठे टांगला तिने?
पाणी कोणी तापवलं?
आधी मांडीतला काढला, की बरगडीतला?
पू झालाच असेल. तापात
त्याने आईला हाक मारली असेल, तिला शिवी दिली असेल.
ते कोणी लिहून ठेवलं नाही.

बरा झाला. सगळे म्हणाले, पळ.
तो गेला थेट राजवाड्याच्या जिन्यावर
आणि राजा येताच त्याला तोंडावर विचारलं,
यांनी तुझं काय वाईट केलं?
मग दांडकी. मग गटार.
तिथूनही त्याला बाहेर काढलं ते एका बाईनेच.

असे पेशंट मी पाहिलेत.
विटाव्याचा एक हमाल होता, टाके अजून ओले,
सिस्टर, डिस्चार्ज द्या.
ज्या मुकादमाने फोडला
त्याच्याच दारात थकलेली मजुरी मागायला जायचं होतं.
मी चिडले. बाबा रे, माझी मेहनत तरी बघ.
हसला. अंगठा उठवला. गेला.
परत आला नाही,
निदान माझ्या वॉर्डात तरी.

इरीनही चिडली असेल.
मग तिनेच त्याचा सदरा आणून दिला असेल,
धुतलेला, भोकं रफू केलेला.

अठराला हिलारचा पोरगा रंग द्यायला येतो.
रंगाने जखमा बुजतात,
ओल्यातच मी काडीने मोकळ्या करते.
वीसला लादीन, झेंडू, मेणबत्त्या, टोपलीभर फुग्या.
समोरच्या टॉवरमधली एक चिमुरडी मागे विचारत होती,
आजी, ते काढत का नाहीत कोणी?
काढतो की, म्हटलं.
पण तिरांशिवाय लोक त्याला ओळखत नाहीत.

एकोणीसची रात्र मात्र माझी.
तीर बिस्किटांच्या डब्यात, कापसावर.
तो टेबलावर, छातीपर्यंत चादर.
दिवा बारीक ठेवते. दोनदा उठून बघते.

सकाळी तीर बसवायला हिलारच्या पोराला बोलावते.
तेवढं मला जमत नाही.
आधी कुठला, तो विचारतो.
मी पाठ करून चहाचं आधण ठेवते.
मांडीतला, म्हणते.
हळू.